दहा नंबरचा तक्ता

९ मार्च

वहिनी, नमस्कार.

तुम्ही कशा आहात असं विचारत नाही, कारण उत्तर मला पाठ आहे. दादा गेल्यापासून वर्षभरात तुमची दोन पत्रं आली आणि दोन्हींत "बरं आहे" याच्यापुढे गाडी गेली नाही.

हे पत्र मी खरं तर दादाला लिहायला बसलो होतो. जुनी सवय. बंदरावर जहाज नसलं की क्रेनच्या केबिनमध्ये उंच बसायचं, मांडीवर कागद घ्यायचा आणि त्याच्याशी भांडायचं. आमचं भांडण तुम्हाला ठाऊकच आहे. आम्ही दोघं इतकी वर्षं एका संघातून रग्बी खेळलो, मी नऊ नंबर आणि तो दहा, म्हणजे फ्लाय-हाफ. माणसांच्या ढिगाऱ्यातून चेंडू उपसून मी त्याच्याकडे फेकायचो आणि पुढे काय करायचं हे तो ठरवायचा. सगळा चिखल माझा, सगळा मोठेपणा त्याचा. खेळणं सुटलं तसा आमच्यात एकच वाद उरला: जगात भारी दहा नंबर कुणाला म्हणायचं? फोनवर हा वाद पाच मिनिटांत संपायचा, कारण कुणीतरी फोन आपटायचं. पत्रातून तो सहा-सहा महिने पुरायचा.

तर आज सवयीने "प्रिय दादा" लिहिलं आणि पेन तसंच धरून बसलो. खालून मुकादम ओरडला तेव्हा भानावर आलो. मग ठरवलं, वाद अर्ध्यावर सोडायचा नाही. दादाची बाजू तुम्ही घ्यायची.

माझी बाजू साधी आहे. पाय आणि काळीज. मैदानात कुठूनही चेंडू खांबांच्या मधून घालवता आला पाहिजे, आणि सामना अंगावर आला असताना हात थरथरता कामा नये. झाला जगात भारी. दादा म्हणायचा, तो चांगला दहा नंबर, जगात भारी वेगळा. वेगळा म्हणजे कसा, हे त्याने कधी सांगितलं नाही. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, "लिहून कळायचं नाही. आलास की मैदानावर दाखवतो." मी आलो तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. दाखवायचं राहिलं.

मुंगी यंदा दहा नंबरला खेळते असं ऐकलं. माझी पुतणी एवढीशी आणि जागा बापाची. कशी खेळते ते लिहा. "बरं खेळते" लिहिलंत तर पत्र परत पाठवीन.

तुमचा,
धाकटा दीर आणि नऊ नंबर


२१ मार्च

भाऊजी,

पत्र पोचलं. बरं आहे.

वाद घालायला मला येत नाही, आणि या खेळातलं मला कळतं ते थोडकं. चेंडू हाताने पुढे फेकायचा नसतो, बाजूला किंवा मागेच द्यायचा. आणि चिखलाचे डाग आधी गरम पाण्यात घातले तर निघत नाहीत. तुमच्या दादांचं बोलणं मी भाजी चिरता चिरता ऐकायचे, म्हणजे निम्मंच ऐकायचे. ते गेल्यापासून मी मैदानावर गेलेले नाही. दुकानातून घरी येताना मागच्या रस्त्याने येते, तिकडून मैदान दिसत नाही.

मुंगीबद्दल विचारलंत. तिचा संघ उपांत्य फेरीत पोचला आहे. अंतिम सामन्याला राष्ट्रीय शिबिराची निवड करणारे लोक येणार आहेत. तिला आता दहा नंबर मिळणार नाही. ते माझ्यामुळे झालं, म्हणून तुम्हाला मीच सांगते.

दर सामन्यानंतर तिला डाव्या बाजूलाच मार लागलेला असतो. बरगडी, खांदा, एकदा कानामागे. उजवीकडे ओरखडासुद्धा नसतो. तिचा डावा डोळा आळशी आहे हे तुम्हाला माहीत आहे. त्या बाजूला काहीतरी हललं एवढं तिला कळतं, पण कोण आहे आणि किती लांब आहे हे तो डोळा सांगू शकत नाही. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. मार एकाच बाजूला का बसतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून एका सोमवारी मी दंतवैद्यबाईंकडे गेले. त्या मुलींच्या प्रशिक्षक आहेत, दवाखाना आमच्या दुकानासमोरच आहे. दात पाडायचा आणि दात बसवायचा असे दोन्ही धंदे यांनी एका हातात ठेवलेत, असं तुमचे दादा त्यांना तोंडावर म्हणायचे. बाई माझ्याशी बोलतानाही कुणाच्या तरी दाढेत सिमेंट भरत होत्या. मी डोळ्याचं सांगितलं. त्यांना हे काहीच माहीत नव्हतं. त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी दहा नंबर बेकरीवाल्याच्या मुलीला मिळाला. ती उंच आहे आणि तिची किक फार लांब जाते. मुंगीला अगदी डाव्या टोकाला, अकरा नंबरला ठेवलं. तिथे सगळं मैदान तिच्या उजव्या हाताला येतं. बाईंनी तिच्या भल्याचाच विचार केला.

मुंगी घरी येऊन एवढंच म्हणाली, "तुला विचारलं होतं कुणी?" तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. घरात आम्ही दोघीच. त्यातली एक बोलेनाशी झाली की घर फार मोठं वाटतं.

तुमच्या वादात हे कुठे बसतं ते बघा. ज्याला एका बाजूचं नीट दिसत नाही, तो जगात भारी दहा नंबर कसा होणार? तुमचे दादाही हेच म्हणाले असते असं मला वाटतं.

वहिनी


२८ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि शिव्या तोंडापर्यंत आल्या. तुम्हाला देता येत नाहीत, म्हणून खालच्या मुकादमाला दिल्या. त्याने कारणही विचारलं नाही.

तुम्ही काही वाईट केलंत असं मी म्हणत नाही. आई आहात, वर डोळे तपासता. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. बेकरीवाल्याच्या पोरीची किक मी मागे एकदा पाहिली आहे. चेंडू जातो तो येताना दुसऱ्या गावचं हवामान सांगत येतो. काळीजही घट्ट आहे तिचं. म्हणजे माझ्या हिशोबाने जागा तिचीच. माझ्याच तराजूत माझी पुतणी हलकी भरली, आणि ते मला सहन होत नाहीये. म्हणजे तराजूतच खोट असणार. इतकी वर्षं दादा हेच सांगत होता आणि मी ऐकलं नाही.

पण एक गोष्ट तुम्ही तपासलेली नाही. मार कधी बसतो? दहा नंबरला दोन प्रकारचा मार बसतो. चेंडू हातात असताना बसतो तो गाफीलपणाचा. चेंडू देऊन झाल्यावर बसतो तो मानाचा. समोरचा अंगावर येईपर्यंत थांबायचं, आता हा सापडलाच अशी त्याची पुरती खात्री पटू द्यायची, मग चेंडू सोडायचा आणि मुकाट्याने मार खायचा. तेवढ्या वेळात तिकडे दुसरा कुणीतरी मोकळा पळतो. दादाने असा मार आयुष्यभर खाल्ला. त्याच्या बनियनखाली काय काय असायचं ते तुम्ही पाहिलंय. मुंगीचा मार कुठल्या जातीचा आहे, हे तुम्हाला माहीत आहे?

आणि तपासणीचाच विषय निघालाय म्हणून आठवण करून देतो. सहा वर्षांची असताना मुंगी तुम्हाला फसवून गेली होती. उजवा डोळा झाकला, तरी अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा. तुम्ही खूश. पुढच्या महिन्यात दुकानात नवा तक्ता लागला तेव्हा उजेड पडला, की खोलीत पाय टाकतानाच बाईसाहेबांनी जुना पाठ करून ठेवला होता. दादा हसता हसता खुर्चीवरून घसरला होता. तुम्ही मात्र दोन दिवस धड जेवला नव्हतात.

तेव्हा मैदानावर जा. लांबून नको, रेषेपाशी उभ्या राहा. आणि मागच्या रस्त्याने जाऊ नका.

नऊ नंबर


१२ एप्रिल

भाऊजी,

मी गेले होते. थोडं लांबलचक लिहावं लागणार आहे, माफ करा.

उपांत्य सामना आपण जिंकलो. नऊ-सहा. नऊच्या नऊ गुण बेकरीवाल्याच्या मुलीने किक मारून मिळवले. लोक टाळ्या वाजवत होते, त्या योग्यच होत्या. पण चेंडू तिच्याकडे आला की ती मान वळवून शोधत राहायची, आणि तेवढ्यात समोरच्या मुली अंगावर आलेल्या असायच्या. मग किक मारण्यावाचून गत्यंतर नसायचं. मुंगी डाव्या टोकाला उभी होती. तिच्यापर्यंत चेंडू जवळजवळ आलाच नाही.

मी दंतवैद्यबाईंच्या शेजारी उभी होते. मध्ये खेळ थांबला तेव्हा आपल्या सगळ्या मुलींनी एकदम वर, गुण लिहिलेल्या फळीकडे पाहिलं आणि हसल्या. मी बाईंना विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, जुनी सवय आहे, तुमच्या मिस्टरांनी लावलेली. तुमचे दादा संध्याकाळी सरावाला मदत करायला जायचे ते मला माहीत होतं. तिथे रेषेवरून ते मध्येच ओरडायचे, "तक्ता!" बाईंना वाटायचं, गुणतक्ता बघा म्हणतायत, किती पिछाडीवर आहोत ते लक्षात ठेवा म्हणतायत. मग सगळ्या मुली फळीकडे बघायच्या. सरावाला फळी कोरी असायची, तरी बघायच्या. बाई म्हणाल्या, "एकटी मुंगी कधी बघायची नाही. आम्हाला वाटायचं, बापाचं ऐकत नाही."

भाऊजी, आमच्या घरात तक्ता एकच. माझ्या दुकानातला.

त्यानंतर मी चेंडूकडे बघणं सोडलं आणि फक्त मुंगीच्या मानेकडे पाहत राहिले. चेंडू अजून ढिगाऱ्यात असतानाच तिची मान सावकाश पूर्ण डावीकडे जायची, तिथून उजवीकडे यायची आणि समोर येऊन थांबायची. चेंडू बाहेर आला की मान हलायची नाही. बाकीच्या मुलींच्या माना नेमक्या तेव्हाच हलायला लागायच्या.

घरी जेवताना मी तिला विचारलं, मार चेंडू देण्याआधी बसतो की नंतर? तिने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "हे तुला कुणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं. ती हसली. किती दिवसांनी हसली ते मी लिहीत नाही.

"नंतर," ती म्हणाली. "नेहमी नंतरच. आणि डावीकडे का, तर मी तोंड उजवीकडे ठेवून डावीकडे पास देते. फसलो हे ज्यांना कळतं त्या तिथेच राग काढतात."

मी विचारलं, न बघता?

"बघितलेलं असतं, आई. बाबा म्हणायचे, चेंडू हातात आला की डोळा झाकला असं समज. त्याच्या आधी तक्ता वाचून ठेव."

ती पुढे जेवायला लागली. मिठाची बरणी तिच्या डावीकडे होती. न बघता तिने हात घालून ती उचलली. हे मी ती लहान असल्यापासून रोज पाहत आले आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले आणि म्हणाले, डोळ्याचं मी सांगितलं ते खरंच आहे, पण माझी तपासणी अर्धी होती. बेकरीवाल्याची मुलगी तिथेच होती. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. उलट ती म्हणाली, "काकू, दहा नंबर मला नकोच होता. मुंगी दहाला असते तेव्हा मी बाराला, तिच्या शेजारी असते. तिच्याकडून चेंडू येतो तेव्हा माझ्याकडे वेळ असतो. ती चेंडूबरोबर वेळ पण पाठवते. मी दहाला असले की कुणाकडेच वेळ नसतो."

बाईंनी मान डोलावली, पण माझ्यासारखीच त्यांनाही खात्री करून घ्यायची होती. संध्याकाळी मैदानात त्यांनी मुंगीला मधोमध उभं केलं, बाकीच्यांना हवं तिथे उभं राहायला सांगितलं, तिला एकदा बघू दिलं आणि मागून दोन्ही हातांनी तिचे डोळे झाकले. मुंगीने एकेकीची जागा बोटाने दाखवली. कोण कुठल्या पायावर जोर देऊन उभी आहे तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि खांबामागे कुत्रं बसलंय, पण ते आता उठलं असेल." बाईंनी हात काढले तेव्हा कुत्रं उठून चाललं होतं.

तर आता दहा नंबर तिला परत मिळणार होता. पण एक अडचण निघाली आहे. मी ज्या सोमवारी डोळ्याचं सांगायला गेले होते, तेव्हा दवाखान्याच्या खुर्चीत एक मुलगी होती. तिच्याच दाढेत सिमेंट भरणं चाललं होतं. ती गिरणीच्या संघाची कप्तान आहे, आणि अंतिम सामना त्यांच्याशीच आहे. बाई म्हणाल्या, तोंड उघडं होतं म्हणून मला वाटलं कान बंद आहेत. गिरणीच्या मुली आता रोज डावीकडून धावून येण्याचाच सराव करतायत, असं बेकरीत पाव घ्यायला येणारे सांगतात.

बाईंनी निर्णय माझ्यावर टाकला आहे. त्या म्हणतात, तुम्ही तिची आई आहात आणि डोळ्यातलं तुम्हाला कळतं, तुम्ही हो म्हणालात तर दहा, नाही म्हणालात तर अकरा. मला रात्रभर विचार करून सुचत नाही. मैदानातलं मला कळत नाही. तुमच्या दादांनी काय केलं असतं ते तुम्ही सांगा. हे मी वादासाठी विचारत नाही.

वहिनी


१७ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र घेऊन शिडी चढलो आणि वर पोचेपर्यंत अर्धं वाचून झालं होतं. एका हाताने शिडी चढायची नसते. मुकादमाला सांगू नका.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. इथून वरून मला बंदराचा सगळा धक्का दिसतो. खालची माणसं एका कंटेनरकडे धावली की मला ती माणसं दिसत नाहीत, ती जिथून धावली ती रिकामी जागा दिसते. गिरणीच्या मुली डावीकडून येणार, म्हणजे डावीकडली आपली जागा सोडून येणार. मुंगीला तिकडचं दिसत नाही असं त्यांना वाटतंय, म्हणून बेधडक सोडतील. मुंगीने तक्ता आधी वाचलेला असेल, तर तिला कुणीतरी दार उघडून देतंय असं समजा. दादा असता तर दाढेच्या सिमेंटचे पैसे त्याने स्वतः भरले असते.

हो म्हणा.

आता माझं. मी नऊ नंबर. ढिगाऱ्यातून चेंडू काढून मागे न बघता फेकायचो आणि दादा तिथे असायचा. दरवेळी. मित्रांना मी फुशारकीने सांगायचो, माझा पास इतका पक्का, की डोळे मिटून दिला तरी त्याच्या हातात जातो. काल रात्रपाळीत बसल्या बसल्या कळलं. पास पक्का नव्हता. चेंडू कुठे भरकटणार हे माझे खांदे बघून त्याने आधीच ठरवलेलं असायचं, आणि तो तिथे जाऊन उभा राहायचा. इतकी वर्षं माझी चूक तो झाकत होता आणि कौतुक मला घेऊ देत होता. एकदा तरी सांगायचं ना गाढवाने.

यायची फार इच्छा आहे, पण त्याच आठवड्यात मोठं जहाज लागतंय, सुट्टी नाही. आणि लक्षात ठेवा, मी अजून हरलेलो नाही. अंतिम सामना होऊ दे.

नऊ नंबर


२८ एप्रिल

भाऊजी,

मी हो म्हणाले, आणि आपण जिंकलो. आधी हे लिहिते, कारण तुम्ही पत्र शिडीवर उघडणार. आता वर जाऊन बसा आणि मग पुढचं वाचा.

सामन्याला मी पुढच्या रस्त्याने गेले. गर्दी होती. मी बाईंच्या शेजारी रेषेपाशी उभी राहिले.

पहिला अर्धा भाग वाईट गेला. गिरणीच्या मुली खरंच डावीकडून येत होत्या, एकेक नाही, दोघी-दोघी. मुंगी चेंडू देत होती आणि मार खात होती. तो नंतरचाच मार होता, तरी मला बघवत नव्हता. शेजारी एक गृहस्थ म्हणाले, या पोरीला त्या बाजूचं दिसत नाही वाटतं. बाईंनी माझा दंड धरून ठेवला. मी काही बोलणार नव्हतेच.

मध्यंतरात मुंगी पाणी प्यायला आली. तिने बाईंना एवढंच सांगितलं, की त्यांची कप्तान धावायच्या आधी डावा पाय मागे घेते. मग बेकरीवाल्याच्या मुलीच्या कानात काहीतरी बोलून ती परत गेली.

सामना संपत आला तेव्हा आपण चार गुणांनी मागे होतो. किक मारून तीनच मिळतात, त्याने भागणार नव्हतं. चेंडू त्यांच्या रेषेपलीकडे टेकवायला हवा होता, त्याचे पाच. स्क्रम लागला, दोन्हीकडच्या मुली एकमेकींत खांदे अडकवून उभ्या राहिल्या. भाऊजी, मी आयुष्यात दुकानाबाहेर मोठ्याने बोललेली नाही. त्या वेळी मी ओरडले, "तक्ता!"

आपल्या सगळ्या मुलींनी फळीकडे पाहिलं. गिरणीच्या दोघी-तिघींनीही पाहिलं. लोक हसले. मुंगीने मात्र मान सावकाश डावीकडे नेली, थोडी थांबवली, उजवीकडे आणली आणि समोर ठेवली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मला ते बरोबर वाटलं.

चेंडू बाहेर आला. तिने घेतला, तोंड उजवीकडे केलं आणि हातही तिकडे उचलला. गिरणीची कप्तान आणि आणखी एक जण डावीकडून सुटल्या. मुंगी थांबली. मला वाटलं, फार थांबली. त्या अगदी अंगावर आल्या आणि तिने उजवीकडेच बघत चेंडू डावीकडे सोडला, त्या दोघी जिथून आल्या होत्या तिथे. तिथे कुणीच नव्हतं. बेकरीवाल्याची मुलगी मागून धावत आली, चेंडू तिच्या छातीशी आला आणि तिच्यासमोर डाव्या कोपऱ्यापर्यंत रिकामं मैदान होतं. ती पळाली. ती कोपऱ्यात रेषेपलीकडे आडवी झाली तेव्हा मी पाहतच नव्हते. मी मुंगीकडे पाहत होते. ती त्या दोघींच्या खाली होती.

ती उठून बसली. तोंडात चिखल होता, डावा गाल सोलवटला होता. मी रेषा ओलांडून तिच्यापर्यंत गेले होते, कशी गेले ते आठवत नाही. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "नंतर लागलं ना, आई?"

मी म्हणाले, "नंतरच."

आपण एका गुणाने पुढे होतो. मग बेकरीवाल्याच्या मुलीने अगदी कडेवरून, अवघड जागेवरून किक मारली आणि आणखी दोन गुण मिळवले. सामना संपला. गिरणीच्या कप्तानने येऊन मुंगीला उठवलं आणि बाईंना म्हणाली, पुढच्या वेळी दाढ दुसरीकडे भरून घेईन. बाई म्हणाल्या, ही फुकट भरली असं समज.

निवड समितीतले एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांनी विचारलं, मुलीच्या डाव्या डोळ्याबद्दल ऐकलं होतं, ते खरं आहे का? मी खरं आहे म्हणाले, आणि हवं तर दुकानात या, तपासून दाखवते असंही सांगितलं. ते म्हणाले, "मग शेवटच्या पासाच्या वेळी ती बघत कुठे होती?"

मी म्हणाले, "कुठेच नाही. तिचं बघून झालं होतं."

त्यांनी थोडा विचार केला, टोपी काढली आणि परत घातली. काल निरोप आला. शिबिराला दोघींना बोलावलं आहे. मुंगीला दहा नंबरसाठी आणि बेकरीवाल्याच्या मुलीला बारासाठी. बेकरीवाल्याने काल आलेल्या प्रत्येकाला एक पाव जास्त दिला, चुकून दिला असं तो म्हणतो.

आता एक सांगायचं आहे, ते फक्त तुम्हालाच सांगता येईल. तुमचे दादा शेवटी दवाखान्यात होते तेव्हा झोपायच्या आधी उशीवरून मान उचलायचे आणि सावकाश डावीकडून उजवीकडे सगळ्यांकडे बघायचे. मी, मुंगी, तुम्ही आलात तेव्हा तुम्ही, खिडकी, दार. मला वाटायचं, काहीतरी शोधतायत. मी रोज विचारायचे, काय हवंय? ते नुसती मान हलवायचे. वर्षभर मला तेच टोचत होतं, की त्यांना काहीतरी हवं होतं आणि मला ते समजलं नाही. परवा मैदानावर मुंगीची मान बघितली आणि कळलं. त्यांना काही नको होतं. ते तक्ता वाचून ठेवत होते.

तर तुमचा वाद. तुमच्या दादांची बाजू घ्यायला सांगितलं होतंत, ती मी घेते. लांब किक मारणारा आणि न घाबरणारा, तो चांगला दहा नंबर. जगात भारी तो, ज्याचं डोळा झाकण्याआधी बघून झालेलं असतं, आणि जो शेजारच्याला चेंडूबरोबर वेळ देतो आणि स्वतः मार घेतो. मुंगी अजून लहान आहे. जगात भारी व्हायला तिला वेळ आहे. पण रस्ता तोच आहे.

तुम्ही हरलात हे लेखी पाठवा. मुंगीला ते तिच्या खोलीत भिंतीवर लावायचं आहे. डाव्या भिंतीवर, असं ती म्हणते.

मी बरी आहे. या वेळी खरंच.

वहिनी


५ मे

वहिनी,

हरलो.

नऊ नंबर

ता. क. पण ती कडेवरची किक बघितलीत ना? ती मात्र जगात भारी.